नेदरलँड्सच्या खेड्यात घर घ्यायचं असेल तर: बिडच्या आधी काय बघायचं आणि नंतर काय करायचं

आइंडहोव्हनशेजारच्या वेल्डहोव्हनला नोकरी लागली, दोन-तीन वर्षं आइंडहोव्हनमध्ये भाड्यानं काढली, पोरं शाळेत जायला लागली, की घरात हमखास चर्चा सुरू होते की जरा बाहेर बघूया का, न्यूनन, ओर्सखोट, एर्सेल, सोन एन ब्रोखेल अशा गावात, अंगण मिळेल, शांतता मिळेल आणि भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरलेला बरा. विचार एकदम बरोबर आहे. फक्त एक लक्षात घ्या, बँक, नोटारिस (खरेदीखत करणारा सरकारमान्य वकील), करार हे सगळं शहरात आणि खेड्यात सारखंच असतं आणि त्याची माहिती कुठेही मिळते. खेड्यात वेगळं असतं ते घराच्या आजूबाजूचं. जमीन कसली आहे, बाजूचा पाण्याचा चर कोणी साफ करायचा, मागच्या शेतात काय चालतं, गावातला डॉक्टर नवीन पेशंट घेतो का. जाहिरातीत यातलं काहीच नसतं आणि हे सगळं बिड म्हणजे घरासाठी बोली टाकायच्या आधी बघायचं असतं, कारण नंतर कळून उपयोग नसतो.

मी उदाहरणं मुख्यतः ब्राबांतची, म्हणजे आइंडहोव्हन ज्यात येतं त्या दक्षिणेकडच्या प्रांताची, देतेय कारण आपले बरेच लोक तिथेच आहेत, पण फ्रीसलांड, ग्रोनिंगन किंवा खाउडाच्या आसपास बघत असाल तर तिथलं वेगळं काय ते पण मध्येमध्ये सांगते.

पहिली पायरी: पैशाचं गणित, तेही घर बघायच्या आधी

लोक आधी फुंडा, म्हणजे घरांच्या जाहिरातींची वेबसाइट, उघडून घरं बघत बसतात, प्रेमात पडतात, आणि मग हिशोब करतात. उलटं करा. एखाद्या स्वतंत्र मॉर्गेज सल्लागाराकडे जा, पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते, आणि विचारा की आमच्या पगारावर किती कर्ज बसतं. अगदी ढोबळ सांगायचं तर वर्षाच्या ग्रॉस पगाराच्या साडेचार पटीच्या आसपास, पण व्याजदर, दोघांचे पगार, आधीची कर्जं आणि घराचं एनर्जी लेबल यावर ते हलतं. हो, लेबलवर पण, ते म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं त्याचा दर्जा, ए चांगला आणि जी वाईट. ए किंवा बी लेबलच्या घराला जी किंवा एफ लेबलच्या घरापेक्षा जास्त कर्ज मिळतं. खेड्यातली जुनी घरं बऱ्याचदा खालच्या लेबलची असतात, म्हणून हे आधीच माहीत हवं.

तुमचं रेसिडेन्स परमिट टेंपररी असेल, हायली स्किल्ड मायग्रंटवालं, तरी कर्ज मिळतं, पण सगळ्या बँका देत नाहीत आणि काही जण घराच्या किमतीच्या कमी टक्के देतात. जॉब कॉन्ट्रॅक्ट पर्मनंट नसेल तर एचआरकडून इंटेन्टीफरक्लारिंग म्हणजे पुढेही ठेवून घेऊ असं पत्र लागतं. क्रेडिट कार्ड, हप्त्यावर घेतलेला फोन, कारचं लीज, हे बीकेआर नावाच्या नोंदणीत दिसतं आणि तेवढं कर्ज कमी होतं, त्यामुळे वापरत नसाल ती कार्डं आत्ताच बंद करून टाका.

आता महत्त्वाचं. इथे बँक घराच्या बाजारभावाच्या जास्तीत जास्त १०० टक्के कर्ज देते, इन्सुलेशन वगैरे एनर्जीची कामं करणार असाल तर १०६ टक्क्यांपर्यंत. पण बाजारभाव म्हणजे तुम्ही बिड केलेली रक्कम नाही, व्हॅल्युअर जी ठरवेल ती. एक उदाहरण घेऊया. घराची मागणी ४,२५,००० युरो, तुम्ही ४,५०,००० ला जिंकलात, व्हॅल्युअरने लिहिले ४,३५,०००. मधले १५,००० तुमच्या खिशातून. शिवाय ४,५०,००० वर २ टक्के ट्रान्सफर टॅक्स म्हणजे ९,०००. मग नोटारिस, सल्लागार, व्हॅल्युएशन, घराची तपासणी आणि घेतला असेल तर आपला माकेलार म्हणजे घरांचा एजंट, असे सगळे मिळून आणखी ८ ते १० हजार धरा. म्हणजे तीस-पस्तीस हजार रोख बाजूला असल्याशिवाय अशा घरावर बिड करणं धोक्याचं आहे. जाहिरातीत किमतीपुढे के.के. लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ हाच की हे वरचे खर्च घेणाऱ्याचे. नव्या बांधकामाला फे.ओ.एन. असतं, तिथे टॅक्स आणि नोटारिसचा ट्रान्सफरचा खर्च किमतीतच धरलेला असतो.

टॅक्सवर सूट आहे. वय ३५ च्या आत असेल, आधी कधी ही सूट घेतली नसेल, स्वतः राहणार असाल आणि घर ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल (२०२६ साठी ५,५५,००० युरो) तर तो २ टक्के शून्य होतो. यात वय मोजतात ते नोटारिसकडे सही होते त्या दिवशीचं, करार केला त्या दिवशीचं नाही. त्यामुळे तुमचा पस्तिसावा वाढदिवस जवळ असेल तर ट्रान्सफरची तारीख ठरवताना हे डोक्यात ठेवा. नवरा ३६ चा आणि बायको ३३ ची असेल आणि घर निम्मं निम्मं असेल तर बायकोच्या हिश्श्याला सूट मिळते, नवऱ्याच्या नाही.

एनएचजी नावाची गॅरंटी पण बघा. २०२६ ला मर्यादा ४,७०,००० आहे, कर्जाच्या ०.४ टक्के एकदाच भरायचे, आणि व्याजदर जरा कमी मिळतो. नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला आणि घर तोट्यात विकावं लागलं तर काही अटींवर उरलेल्या कर्जातून सुटका होते. परदेशात नोकरीवर अवलंबून असलेल्या माणसाला हे फार मोलाचं आहे, बसत असेल तर घ्याच.

भारतातून आईबाबा पैसे देणार असतील तर तेही आत्ताच सुरू करा. ते एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात, पण मोठ्या रकमेवर तिथली बँक टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापते आणि तो नंतर त्यांच्या रिटर्नमध्ये परत मिळवायचा असतो. इथली बँक आणि नोटारिस दोघंही विचारणार की पैसा आला कुठून. पुण्यातला फ्लॅट विकला असेल तर त्याचा करार, एफडी मोडली असेल तर तिची पावती, आणि आईबाबांचं साधं गिफ्ट लेटर, हे सगळं इंग्लिशमध्ये तयार ठेवा. ऐन वेळी आईबाबांना बँकेत हेलपाटे घालायला लावणं फार त्रासाचं होतं, त्यांना आणि आपल्यालाही.

दुसरी पायरी: घर नंतर, गाव आधी

माझं प्रामाणिक मत, घरापेक्षा गावाला जास्त वेळ द्या. किचन बदलता येतं, गाव बदलता येत नाही.

गाव बघायला रविवारी उन्हात जाऊ नका, म्हणजे जा पण तेवढ्यावर थांबू नका. मंगळवारी संध्याकाळी पावसात जा, बसने जा. ओर्सखोटला रेल्वे स्टेशन नाही, न्यूननलाही नाही, एर्सेल आणि त्या केंपनच्या पट्ट्यात ट्रेनच नाही, सगळा कारभार बस, सायकल आणि कारवर. बेस्ट नावाच्या गावाला आणि खेल्ड्रोपला स्टेशन आहे. घरात एकच कार असेल आणि एकाला रोज दुसऱ्या शहरात जायचं असेल तर हा फरक दर दिवशी जाणवतो. काही लहान गावांत तर नेहमीची बसही नसते, गावातलेच स्वयंसेवक चालवतात ती छोटी बस असते, बुर्टबस, आणि ती संध्याकाळी लवकर बंद होते, रविवारी बहुतेक नसतेच.

डॉक्टरचं तर बिड करायच्या आधी फोन करून विचाराच. इथे हाउसआर्त्स म्हणजे फॅमिली डॉक्टर साधारण पंधरा मिनिटांच्या अंतरातले पेशंट घेतो आणि बऱ्याच गावांत यादी भरलेली असते. फोन करायचा, सांगायचं आम्ही या पोस्टकोडला राहायला येतोय, चार जणांचं कुटुंब आहे, घ्याल का. दोन मिनिटांचं काम आहे. डेंटिस्टचंही तेच.

शाळा. लहान गावात एकच प्राथमिक शाळा असते, ब्राबांतमध्ये बऱ्याचदा कॅथलिक, पण सगळ्या धर्मांची मुलं असतात त्यामुळे त्याची काळजी करू नका. मुलांची संख्या फार कमी झाली तर शाळा बंद होऊ शकते, म्हणून शाळेत जाऊन विचारा मुलं किती आहेत, वर्ग एकत्र केलेत का. मुलाला डच येत नसेल तर नवीन आलेल्या मुलांचा भाषावर्ग जवळ कुठे आहे तेही विचारा, तो बहुधा मोठ्या गावात किंवा शहरात असतो आणि ने-आण तुम्हालाच करावी लागते. बारा वर्षांनंतर हायस्कूलला मुलं सायकलने पाच-दहा किलोमीटर जातात, इथल्या मुलांना ती सवय असते, आपल्या मुलांनाही लागते.

आता वास आणि आवाज, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. ब्राबांतच्या पूर्वेला, पेलच्या भागात, डुकरांचे, कोंबड्यांचे, शेळ्यांचे मोठे फार्म आहेत. फेब्रुवारी-मार्चपासून शेतात खत टाकायला सुरुवात होते आणि काही दिवस खिडकी उघडवत नाही. ते सगळीकडेच असतं, त्याची सवय होते. पण फार्म घराच्या अगदी जवळ असेल तर वास वर्षभर असतो. सॅटेलाइट मॅपवर लांबच लांब सरळ छपरं शोधा आणि वारा कुठून वाहतो ते बघा, इथे बहुतेक वेळा नैऋत्येकडून. ब्राबांतमध्ये २००७ ते २०१० दरम्यान शेळ्यांमधून क्यू फीवरची मोठी साथ आली होती, तेव्हापासून मोठ्या शेळी फार्मच्या जवळ राहण्याबद्दल लोक जास्त सावध झालेत आणि ते योग्यच आहे. विमानांचंही बघा, आइंडहोव्हन एअरपोर्ट आहे आणि उडनजवळ फोल्केलचा लष्करी तळ आहे, लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की लहान बाळ दचकून उठतं.

दुसऱ्या भागांचे दुसरे प्रश्न. ग्रोनिंगनमध्ये लोपरसुम, मिडलस्टुम अशा गावांत गॅस काढल्यामुळे भूकंप झाले, सगळ्यात मोठा २०१२ मध्ये हाउझिंगेला, ३.६ तीव्रतेचा. आता गॅस काढणं बंद आहे पण घरांना गेलेले तडे आहेतच, त्या भागात घर बघताना आधीच्या मालकाने नुकसानभरपाईचा क्लेम केला होता का, घर मजबूत करण्याच्या यादीत आहे का, हे लेखी मागा. लिंबर्गमध्ये खेउल नदीकाठची गावं जुलै २०२१ च्या पुरात बुडाली होती. आणि खाउडा, फ्रीसलांड या भागात जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडापाल्याची आहे, मऊ, ती हळूहळू खचते, त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरी पायरी: शोधणं

हे पटकन. फुंडावर अलर्ट लावा. गावांत काही घरं फुंडावर यायच्या आधीच तोंडी विकली जातात, म्हणून तिथल्या एक-दोन लोकल माकेलारकडे नाव नोंदवून ठेवा. स्वतःचा माकेलार घ्यावा का? डच वाचता येत नसेल आणि पहिलंच घर असेल तर माझं मत घ्यावा, त्याच गावातला घ्यावा, शहरातला नाही. काही हजार युरो जातात पण कुठली गल्ली मोठ्या पावसात तुंबते, कुठल्या रिकाम्या शेतावर पुढे वीस घरं होणार आहेत हे त्यालाच माहीत असतं. जाहिरात ज्याची तो माकेलार विकणाऱ्याचा असतो, कितीही गोड बोलला तरी त्याला तुमचं बजेट सांगायचं नाही.

चौथी पायरी: घर बघायला गेल्यावर

व्ह्यूइंगला वीस-तीस मिनिटं मिळतात, लोक त्यातली पंधरा किचन आणि बाथरूममध्ये घालवतात. तुम्ही काय करा, आत गेल्या गेल्या दाराजवळचं पायपुसणं उचला. बऱ्याच घरांत त्याखाली एक लाकडी झाकण असतं, ते जमिनीखालच्या पोकळीचं, क्राउपराउम्ते म्हणतात. माकेलारला विचारून ते उघडा, मोबाईलचा टॉर्च मारा. खाली वाळू दिसते. वाळू कोरडी आहे का, पाणी साचलंय का, भिंतीवर ओलीच्या पांढऱ्या रेषा किती उंचीपर्यंत आहेत, लाकडाचे वासे असतील तर त्यांच्यावर बुरशी किंवा बारीक भोकं आणि खाली पिवळा भुसा दिसतोय का. नाक आत घालून वास घ्या, कुबट वास आला तर त्या घराचा तळमजला थंडीत कसा असेल ते तिथेच कळतं. माकेलारला यात काही वावगं वाटत नाही, डच लोकही हेच करतात.

मग वर जा, माळ्यावर. छपराला आतून इन्सुलेशन आहे का, चिमणीभोवती डाग आहेत का. साधारण १९२० च्या आधीच्या घरांना बऱ्याचदा दुहेरी भिंत नसते, म्हणजे भिंतीत इन्सुलेशन भरायला जागाच नसते, आतून करावं लागतं आणि खोल्या लहान होतात. १९६० च्या आधीचं घर असेल तर पाण्याचे पाइप शिशाचे नाहीत ना ते विचारा, लहान मुलं असतील तर हे सोडूच नका. मागच्या शेडवर करडे नालीदार पत्रे असतील आणि बांधकाम १९९४ च्या आधीचं असेल तर ते अ‍ॅसबेस्टॉसचे धरून चाला. ते काढायला पैसे जातात, बिडमध्ये ते वजा धरा.

गवती छप्पर फार सुंदर दिसतं, मलाही आवडतं, पण त्याचं आयुष्य तीस-चाळीस वर्षं, बदलायचा खर्च मोठा आणि आगीच्या भीतीमुळे घराचा इन्शुरन्स महाग. आधी इन्शुरन्सचं कोटेशन घ्या, मग प्रेमात पडा.

गावाबाहेर एकट्या घराला कधीकधी सरकारी ड्रेनेज नसतं, स्वतःची सांडपाण्याची टाकी असते, ती कधी साफ केली, कोण बघतं ते विचारा. गॅसची लाइनही नसू शकते, बाहेर प्रोपेनची टाकी असते. इंटरनेटला फायबर आलंय का ते पत्ता टाकून चेक करा. हीट पंप किंवा जास्त क्षमतेचं वीज कनेक्शन घ्यायचं डोक्यात असेल तर त्या भागात ग्रिडवर वेटिंग आहे का ते बघा, सध्या बऱ्याच ठिकाणी आहे. आणि सोलर पॅनल आहेत म्हणून कोणी जास्त किंमत सांगत असेल तर १ जानेवारी २०२७ पासून नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होणं) बंद होतंय हे लक्षात ठेवून त्याची किंमत करा.

आपल्या घराचे दोन खास मुद्दे. एक, चिमणी. आपल्याकडे रोज फोडणी असते, आणि इथल्या बऱ्याच किचनमधली हूड हवा बाहेर टाकतच नाही, फिल्टरमधून परत आत सोडते. भिंतीतून बाहेर जाणारा पाइप आहे का, नसेल तर काढता येईल का ते विचारा. दुसरं, आईबाबा. ते उन्हाळ्यात तीन महिने येणार, आणि डच जिने उभे, अरुंद आणि वळणाचे असतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री टॉयलेटला उतरणं अवघड. तळमजल्यावर झोपायची खोली आणि शॉवर असेल, किंवा जुन्या गॅरेजमध्ये करता येण्यासारखा असेल, तर त्या घराला दोन मार्क जास्त द्या.

पाचवी पायरी: जमिनीचे कागद

खेड्यात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, आणि सगळं घरबसल्या बघता येतं, बरंचसं फुकट.

आधी ओमखेफिंग्सलोकेट, सरकारी वेबसाइट आहे, पत्ता टाकायचा आणि त्या जागेचा नियम बघायचा. २०२४ पासून नवीन कायदा आल्यापासून सगळे नियम तिथे नकाशावर दिसतात. जागेवर 'राहण्यासाठी' लिहिलंय का ते बघा. शेतीसाठीच्या जागेवरचं जुनं फार्महाउस स्वस्त दिसतं पण तिथे शेती न करता राहायला परवानगी नसू शकते. हॉलिडे पार्कमधलं टुमदार घर तर अजून स्वस्त, पण तिथे कायमचं राहता येत नाही, आणि बँकही त्यावर सहसा नेहमीचं कर्ज देत नाही. मागे मोकळं शेत असेल तर त्याचाही नियम बघा, पुढे काय होणार ते कळतं. घर जुनं संरक्षित असेल किंवा गावच संरक्षित असेल, जसं ड्रेंथेमधलं ओर्वेल्ते किंवा अ‍ॅमस्टरडॅमजवळचं ब्रूक इन वाटरलांड, तर खिडक्या बदलायलाही परवानगी लागू शकते.

मग कादास्तर, इथलं भूमी अभिलेख. काही युरोंत नकाशा आणि आधीची विक्री किंमत मिळते. नकाशातली हद्द आणि प्रत्यक्ष कुंपण जुळतंय का बघा. शेजाऱ्याची शेड वीस वर्षांपासून तुमच्या पट्ट्यावर असेल तर ती जमीन त्याची झालेली असू शकते. जुन्या गल्ल्यांत शेजाऱ्यांना तुमच्या अंगणातून सायकल न्यायचा हक्क असतो, तो खरेदीखतात लिहिलेला असतो, तो काढून टाकता येत नाही, त्यामुळे मागचं जुनं खत मागवा आणि कोणाकडून तरी समजून घ्या.

चराचं सांगते. घराच्या बाजूने किंवा मागे जो पाण्याचा चर असतो, स्लोट, तो नुसता शोभेचा नसतो, त्यातून पूर्ण भागाचं पाणी जातं. कोणता चर कोणी साफ ठेवायचा हे वाटरस्खाप म्हणजे त्या भागातल्या पाण्याचं सरकारी मंडळ ठरवतं, त्यांच्या नकाशावर दिसतं. तुमच्याकडे आला असेल तर शरद ऋतूत गवत, शेवाळ, पडलेली पानं काढून वाहता ठेवावा लागतो, ते लोक येऊन तपासतात, केला नसेल तर नोटीस येते आणि शेवटी ते स्वतः करून बिल पाठवू शकतात. लांब दांड्याचा दाताळा घेऊन दोन शनिवारचं काम आहे, किंवा शेजाऱ्यांबरोबर मिळून माणूस लावायचा. घर पूर अडवणाऱ्या बांधाला (डाइकला) लागून असेल तर वाटरस्खापच्या परवानगीशिवाय खणायचंही नाही, झाड लावायलासुद्धा.

पाया. ब्राबांतमध्ये जमीन बहुतेक वाळूची, तिथे पाया सरळ जमिनीवर असतो आणि सहसा त्रास नसतो. पण पीट आणि मऊ चिकणमातीच्या भागात जुनी घरं लाकडी खांबांवर उभी असतात, जमिनीतलं पाणी खाली गेलं की खांबांची टोकं हवेला लागून कुजतात. दुरुस्ती खूप महाग पडते, रो हाउस असेल तर शेजाऱ्यांसकट करावी लागते. तिथे पायाचा रिपोर्ट बघितल्याशिवाय बिड करू नका, मग घर कितीही आवडलेलं असो. बोदेमलोकेट या सरकारी वेबसाइटवर जमिनीत प्रदूषण नोंदलंय का तेही बघा, जुन्या घरांच्या अंगणात कधीकधी तेलाची टाकी पुरलेली असते.

आणि शेवटचं, खमेंटेला म्हणजे नगरपालिकेला विचारा की घर विकत घेऊन राहायला परमिट लागतं का. काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडच्या बेटांवर आणि झेलांडच्या किनाऱ्याच्या गावांत, ठराविक किमतीखालच्या घरांना तिथल्या लोकांना प्राधान्य असतं किंवा स्वतः राहण्याची सक्ती असते.

सहावी पायरी: बिड

बहुतेक वेळा बंद बिड असतं, म्हणजे मंगळवारी दुपारी बारापर्यंत ईमेल करा, एकच संधी, दुसऱ्यांनी किती टाकलं ते कळत नाही. रक्कम ठरवताना वॉझ व्हॅल्यू बघा, खमेंटेने ठरवलेली किंमत, फुकट दिसते, पण ती जुन्या तारखेची असते हे ध्यानात ठेवा. शेजारची घरं गेल्या वर्षभरात कितीला गेली ते कादास्तरवरून काढा. मग आपला आकडा ठरवा आणि त्याच्यावर जाऊ नका.

ईमेलमध्ये रक्कम, ट्रान्सफरची तारीख आणि अटी लिहायच्या. दोन अटी सोडू नका असं मी सगळ्यांना सांगते: कर्ज मिळालं नाही तर रद्द, आणि तपासणीत ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली तर रद्द. अटी सोडल्या की बिड मजबूत दिसतं हे खरंय, पण तुमचं परमिट आणि नोकरी एकमेकांना बांधलेली असताना कर्जाची अट सोडणं म्हणजे घराच्या किमतीच्या १० टक्के पणाला लावणं.

खेड्यात विकणारा नेहमी सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्यालाच देतो असं नाही. चाळीस वर्षं राहिलेली आजी असेल तर तिला त्या घरात राहणारं, मुलंबाळं असलेलं कुटुंब आलेलं आवडतं. डचमध्ये पाच-सहा ओळींचं पत्र जोडा, आम्ही कोण, हे गाव का, बागेत काय आवडलं. खरं तेच लिहा. बिड हुकलं आणि शंका आली तर व्यवहार झाल्यावर माकेलारकडून बिडांची नोंदवही मागता येते, एनव्हीएम या माकेलारांच्या संघटनेच्या सगळ्या माकेलारना ती २०२३ पासून ठेवावीच लागते.

सातवी पायरी: करार आणि त्यानंतरचे आठवडे

तोंडी हो झालं म्हणजे घर तुमचं नाही, लेखी करारावर दोघांची सही लागते. सही केलेली प्रत तुमच्या हातात आल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचार बदलायची मुभा असते, कारण न देता, पैसे न भरता, आणि त्यात किमान दोन दिवस कामाचे हवेत. ही मुभा फक्त घेणाऱ्याला आहे.

करारातल्या तीन कलमांवर बोट ठेवून वाचा. घर जुनं आहे, दोष असू शकतात, हे एक. अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो, हे दुसरं. आणि विकणारा तिथे कधी राहिलाच नाही त्यामुळे त्याला काही माहीत नाही, हे तिसरं, वारसांनी आईवडिलांचं घर विकताना हे नेहमी असतं. ही कलमं असली म्हणजे घर वाईट असं नाही, पण मग जबाबदारी तुमच्यावर येते आणि स्ट्रक्चरल तपासणी करायलाच हवी. तपासणीवाल्याबरोबर स्वतः हजर राहा, रिपोर्टमध्ये लिहितो त्यापेक्षा तोंडी जास्त सांगतो.

सामानाची यादीही करारासोबत असते. इथे लोक लॅमिनेटची जमीन आणि पडदेसुद्धा काढून नेतात, त्यामुळे काय राहणार त्याच्यावर टिक आहे का बघा.

यानंतर सल्लागार कर्जाची फाइल लावतो, व्हॅल्युअर येतो. अटीची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये मोठ्या अक्षरात टाका. बँक उशीर करत असेल तर मुदत वाढवून मागायची ती लेखी आणि तारखेच्या आधी. १० टक्के डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते, तेवढे रोख नसतील तर गॅरंटी घ्या. घरात इन्सुलेशन, नवीन खिडक्या करायच्या असतील तर ते पैसे कर्जातच बाउडेपोमध्ये वेगळे ठेवता येतात, बिलं दाखवायची आणि बँक देते. इन्सुलेशनवर आणि हीट पंपवर सरकारी सबसिडीही आहे, काम करायच्या आधी तिचे नियम वाचा.

आठवी पायरी: नोटारिस आणि किल्ली

नोटारिस तुम्ही निवडता, दोन-तीन जणांकडून कोटेशन घ्या, दरात बराच फरक असतो. डच नीट समजत नसेल तर दुभाषी लागतो, काही नोटारिस इंग्लिशमध्ये करून देतात, हे आधी विचारा नाहीतर शेवटच्या आठवड्यात दुभाषी शोधत बसाल. सहीच्या दिवशी आधी घराची शेवटची पाहणी असते. सगळे नळ सोडा, हीटिंग चालू करा, प्लग तपासा, मीटरचे आकडे फोटो काढून ठेवा. काही बिघडलं असेल तर सहीच्या आधी नोटारिससमोर लिहून घ्या. घराचा इन्शुरन्स त्या दिवसापासून चालू हवा.

राहायला गेलात की पाच दिवसांच्या आत खमेंटेला पत्ता कळवा. पहिल्याच आठवड्यात शेजारी दोन्हीकडच्या आणि समोरच्या घरी बेल वाजवून ओळख करून द्या, मोडक्या डचमध्ये चालतं. ब्राबांतमध्ये गल्लीचं मंडळ असतं, बुर्टफरेनिखिंग, वर्गणी थोडी असते, सामील व्हा, आणि कार्निव्हलच्या आधी तुम्हाला मदतीला बोलावलं तर जा. पूर्वेला ट्वेंटे, आख्तरहुक, ड्रेंथे इथे शेजारधर्म अजून घट्ट आहे, लग्न, बाळंतपण, मयत, सगळ्यात शेजारी येतात आणि तुम्हीही यावं अशी अपेक्षा असते. आपल्या लोकांना हे जड जाऊ नये, गावाकडे आपल्याकडेही असंच आहे.

पुढच्या वर्षी खमेंटेचा प्रॉपर्टी टॅक्स, कचरा, ड्रेनेज आणि वाटरस्खापचे दोन टॅक्स अशी बिलं येतील, महिन्याच्या बजेटमध्ये ती धरून ठेवा. नोटारिसने दिलेलं हिशोबाचं पत्रक जपून ठेवा, कारण सल्लागाराची फी, व्हॅल्युएशन, मॉर्गेजच्या खताचा नोटारिसचा खर्च आणि एनएचजीची फी या गोष्टी त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये वजा करता येतात, ट्रान्सफर टॅक्स मात्र नाही. व्याजाची सूट दर महिन्याला हवी असेल तर बेलास्टिंगडिन्स्ट म्हणजे टॅक्स ऑफिसच्या साइटवर फोरलोपिखं आन्स्लाखचा (तात्पुरत्या टॅक्स आकारणीचा) अर्ज भरा, किल्ली मिळाली त्याच महिन्यात भरलात तर पहिल्या हप्त्यांना हातभार लागतो.